वनिताच्या कागदावरची तिसरी ओळ

जिवंत होतीस तोवर मी तुला 'तुम्ही'च म्हणाले. तू नांदेडला आलीस त्या पहिल्या महिन्यापासून सांगत होतीस, "मावशी, तुम्ही माझ्यापेक्षा मोठ्या. मला अगं म्हणत जा." मी म्हणायचे, "नको मॅडम. तुम्ही प्राध्यापक, मी होस्टेलात भाकरी थापणारी. आपल्यात ते बसत नाही." तुला वाटायचं, मी मान देते. मान कसला आलाय? तुला जवळ येऊ द्यायचं नव्हतं. आता तू जाऊन सतरा दिवस झाले. आता अगं म्हणायला माझी काही हरकत नाही.

कॉलेजात तुझी शोकसभा झाली. चौघं बोलले आणि चौघांनी तुला देवी करून टाकलं. मी मागच्या खुर्चीवर बसून ऐकत होते. मनात म्हटलं, हिला चहात साखर कमी पडली तरी हिचं तोंड वाकडं व्हायचं, हे कुणी सांगत नाही. सभा झाल्यावर पोरी आल्या, म्हणाल्या, "मावशी, मॅडमवर पुस्तक काढून राहिलो आम्ही. तुम्ही पण लिहा. शुद्धलेखनाचं आम्ही बघतो." म्हटलं, वेलांट्या बघा, पण मजकुराला हात लावायचा नाही. मी चौथी पास आहे, पण काय लिहायचं ते मला कळतं.

तर आधी खरं सांगते. मला तुझा हेवा वाटायचा. थोडाथोडका नाही, भाजी करपेल इतका.

तू यायच्या आधी वीस वर्षं त्या होस्टेलच्या पोरी माझ्या होत्या. संध्याकाळची जेवणं उरकली, मी भांडी पालथी घातली, की एकेक पोरगी स्वयंपाकघरात यायची. ज्वारीच्या पोत्यावर बसायची. कुणाची आई आजारी, कुणाला गणित येत नाही, कुणाला घरून फोन नाही. मी काही फार बोलायचे नाही. उरलेली भाकरी चुरायचे, वर तेल-चटणी घालायचे आणि पुढं सरकवायचे. "जेव आधी. होईल सगळं नीट." एवढंच. पोरगी रडायची, खायची आणि झोपायला जायची. मला वाटायचं, झालं काम.

मग तू आलीस. लातूरची. मानसशास्त्राची मोठी पदवी घेऊन. ग्रंथालयाच्या मागं खेळाचं सामान ठेवायची खोली होती, ती तू मागून घेतलीस. फुटक्या बॅटी, जाळ्या बाहेर काढल्या, सहा खुर्च्या टाकल्या आणि दारावर हातानं लिहिलेला पुठ्ठा लावलास. 'आशेचा तास. बुधवार, चार ते सहा.' मी तो वाचला आणि शिपाई अण्णांना म्हणाले, "आशा काय तासाला येती का? उद्या भुकेचा पण तास काढतील." अण्णा लई हसले. दोन दिवसांनी ते तुला कळलं. मला वाटलं, चिडशील. तू वही घेऊन स्वयंपाकघरात आलीस आणि विचारलंस, "मावशी, भुकेच्या तासाला काय शिकवाल?"

म्हणून मला तू आवडली नाहीस. टोमणा मारला की माणसानं टोमणा मारावा. तू वही काढायचीस.

तुझं शिकवणं काय होतं, ते मला पोरींकडूनच कळलं. आशा म्हणजे 'होईल होईल' म्हणत बसणं नव्हे, असं तू सांगायचीस. कुठं जायचंय ते ठरव. जायचे रस्ते किती ते शोध. आणि त्यातल्या एका रस्त्यावर उद्या सकाळी पहिलं पाऊल कुठं टाकणार ते सांग. हे तिन्ही असेल तर आशा, नाहीतर नुसतं स्वप्न. प्रत्येक पोरीला एक कागद. वर लिहायचं, 'कुठं जायचंय'. खाली तीन ओळी, तीन रस्ते. पहिले दोन पोरीनं स्वतः लिहायचे. तिसरा मात्र दुसऱ्याला विचारायचा. तो दुसरा नातेवाईक नको आणि शिक्षकही नको. तू म्हणायचीस, "अडलेल्या माणसाला स्वतःचे दोनच रस्ते दिसतात. तिसरा कुणाच्या तरी हातात असतो. तो मागायला शिकायचं, तेच माझ्या तासात अवघड."

खरं सांगते, हे ऐकून मला हसू आलं. मग हसू गेलं. कारण पोरी खरंच विचारत सुटल्या. फाटकासमोरच्या झेरॉक्सवाल्या चाचांना एकीनं विचारलं, तर त्यांनी दुकान सोडून तिला फार्मसीच्या फॉर्मची तारीख शोधून दिली. उमरीच्या बसच्या कंडक्टरनं एकीचा तिसरा रस्ता लिहिला. बांगड्यावालीनं लिहिला. पोरी कागद घेऊन गावभर फिरायच्या आणि बुधवारी चार वाजता तुझ्या दारापुढं चपलांची रांग लागायची. माझं पोतं रिकामं.

माझ्याकडं पण आल्या होत्या, हे तुला माहीत आहे. पहिल्याच वर्षी नायगावची एक पोरगी कागद घेऊन आली. "मावशी, तिसरा तुम्ही लिहा ना." मी म्हणाले, "माझं अक्षर कोंबडीच्या पायासारखं. मॅडम हसतील." तू स्वतः आलीस मग. "मावशी, अक्षर कोण बघतंय? तुम्हाला या पोरी माझ्यापेक्षा जास्त माहीत आहेत." मी म्हणाले, "तुमचा अभ्यास तुम्ही करा. मला डाळ निवडायचीय." पुन्हा कुणी विचारलं नाही. पोरींना सांगितलं असशील, मावशींना त्रास देऊ नका म्हणून.

अक्षराचं कारण खोटं होतं. मला तिसरी ओळ नको होती, सगळी पोरगी पाहिजे होती. वीस वर्षं सगळी पोरगी मिळत होती, आता तिच्यातली एक ओळ कशी घेऊ?

आणि त्यावर तू कळस केलास. एकदा दुपारी वही घेऊन बसलीस, म्हणालीस, "मावशी, पोरगी रडत आली की तुम्ही तिला काय सांगता?" म्हटलं, "काय सांगणार? जेव म्हणते." तू ते लिहून घेतलंस. पुढं लातूरच्या कॉलेजात मोठमोठ्या लोकांसमोर तुझं भाषण झालं, त्यात ते सांगितलंस. आमच्या मेसच्या मावशी आधी जेव म्हणतात, तिथून आशा सुरू होते, उपाशी पोटी रस्ता दिसत नाही, असं काहीतरी. लोकांनी टाळ्या वाजवल्या म्हणे. परत आल्यावर तू कौतुकानं मला सांगत होतीस आणि मी कढईकडं बघत होते. शब्द माझा, टाळ्या तुला. आठ दिवस तुझ्या चहात मी साखर कमी घातली. तुला कळलं होतं. बोलली नाहीस.

आता वनिताचं सांगते. हे तुला मी कधीच सांगितलं नाही. त्यासाठीच लिहायला बसले आहे.

हदगावच्या पलीकडची वनिता. बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाची. दोन विषय राहिले तिचे. राहिलेल्या पोरीला होस्टेलात जागा द्यायची नाही, हा तेव्हा नियम होता. बापानं निरोप धाडला, जागा गेली तर परत ये, सोयरीक बघून ठेवलीय. पोरीला शिकायचं होतं. प्रयोगशाळेत नोकरी करायची होती. चार-पाच दिवस ती जेवायला बसली की ताट तसंच सोडून उठत होती, ते मी बघत होते.

त्या बुधवारी ती स्वयंपाकघरात आली. साडेतीन झाले असतील. मी धपाटे लावत होते. दारातच उभी राहिली.

"मावशी, तुम्हाला एक विचारायचं होतं."

"आधी जेव."

"जेवते. पण आधी विचारू का?"

"तोंड बघ कसं झालंय. बस पोत्यावर. जेव आधी."

ती बसली नाही. बाहेर बघितलं आणि म्हणाली, "मग मॅडमला भेटून येऊ का? मॅडम हायत का आज?"

तू होतीस. पाच मिनिटांपूर्वी मीच अण्णांच्या हातून तुला चहा पाठवला होता. पण ते 'मग मॅडम' मला असं लागलं, की माझ्या तोंडातून निघून गेलं, "न्हाईत. लातूरला गेल्यात."

वनितानं दाराची चौकट सोडली. मग पोत्यावर बसली. मी दोन धपाटे वाढले, दही वाढलं. तिनं खाल्लं. रडली नाही. मी तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाले, "होईल सगळं नीट." आणि तुला सांगते, मला इतकं बरं वाटलं. किती तरी महिन्यांनी एक पोरगी माझ्याकडं बसली होती आणि तिकडं तू तिची खुर्ची रिकामी ठेवून बसली होतीस.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसनं ती हदगावला गेली. परत आली नाही. उन्हाळ्यात लग्न झालं.

तू विचारत आलीस तेव्हा मी पीठ मळत होते. "मावशी, वनिता काल माझ्याकडं येणार होती. सहा वाजून गेले तरी मी थांबले. तुम्हाला काही बोलली का?" मी म्हणाले, "जेवून गेली." ते खरंच होतं ना? त्यानंतर तुझं बघत होते मी. कुठलीही पोरगी तासाला आली नाही की तू स्वतः खोल्या शोधत जायचीस. प्राचार्यांशी भांडभांड भांडलीस आणि तो होस्टेलचा नियम बदलून घेतलास. शोकसभेत सगळ्यांनी त्याचं कौतुक केलं. नियम कशामुळं बदलला ते तिथं फक्त मला माहीत होतं. तू नऊ वर्षं समजत राहिलीस, की तुझ्या शिकवण्यात कुठंतरी उणीव राहिली म्हणून ती पोरगी आली नाही. उणीव स्वयंपाकघरात होती, अगं.

मला चार वेळा वाटलं, सांगावं. निवृत्त झाले त्या दिवशी तू मला लुगडं नेसवलंस, तेव्हा जिभेवर आलं होतं. पण पोरींनी तुझ्याशेजारी उभं राहून फोटो काढायची घाई केली आणि मला पुन्हा तो राग आला. माझा निरोप आणि फोटो तुझ्याबरोबर. गिळलं ते.

मागच्या महिन्यात लातूरला दवाखान्यात आले होते मी. पोटाच्या दुखण्यानं तू अर्धी झाली होतीस. हात बघवत नव्हते तुझे. तरी उशीपाशी वही होतीच. मी धपाटे नेले होते, तुला चालत नाहीत हे ठाऊक असून. तुझी बहीण बाहेर गेली तशी तू म्हणालीस, "मावशी, ती वनिता त्या दिवशी आली असती तर हो..."

मी डबा उघडला. "खा आधी."

तू हसलीस. मग म्हणालीस, "डॉक्टरांचे दोन रस्ते होते, ते झाले. नियमाप्रमाणं तिसरा तुम्ही सांगायचा."

धपाट्याचा एवढासा तुकडा मोडून मी तुझ्या हातावर ठेवला. "आधी खा म्हणते ना."

"बरं, हेच लिहिते," म्हणालीस आणि तुकडा तोंडात धरलास. गिळला की नाही, देव जाणे. तेव्हा सांगितलं असतं तर तुझ्या छातीवरचा दगड उतरला असता. मरणाऱ्या बाईला मी तेवढंही दिलं नाही. मला भीती वाटली, की तू मला माफ करशील. तुझी माफी घेऊन मी कुठं ठेवणार होते? उरलेले दिवस तूच मोठी ठरली असतीस.

तू गेल्यावर तुझी बहीण नांदेडला आली होती, खोलीतलं सामान न्यायला. मला शोधत घरी आली. पत्र्याचा बिस्किटांचा डबा हातात दिला. "ताईनं सांगून ठेवलं होतं, हा प्रयागमावशींना द्या." तुझ्या पोरींचे कागद होते त्यात. ज्यांचे रस्ते लागले त्यांचे तू परत देऊन टाकायचीस. डब्यात उरले होते ते न लागलेले. सात होते. सगळ्यात खाली वनिताचा.

वर लिहिलेलं, 'प्रयोगशाळेत नोकरी'. पहिला रस्ता, होस्टेलसाठी पुन्हा अर्ज. त्यावर काट. दुसरा, रोज गावाहून बसनं ये-जा. त्यावरही काट, शेजारी 'बाबा नाही म्हणाले'. तिसरी ओळ कोरी. आणि कडेला तुझ्या बारीक अक्षरात पेन्सिलीनं, 'हा प्रयागमावशींकडे आहे. त्यांच्या घरी एक खोली रिकामी. वनितानं स्वतः विचारायचं, मी मध्ये बोलायचं नाही.'

मी तो कागद घेऊन उंबऱ्यावर बसले. माझा मुलगा पुण्याला गेल्यापासून ती आतली खोली रिकामी होती. तेव्हा पण रिकामी होती, आता पण आहे. पोरगी साडेतीन वाजता मला तेच विचारायला आली होती आणि मी तिला दोनदा 'आधी जेव' म्हणून गप केलं. तिनं विचारलं असतं तर मी लगेच हो म्हणाले असते. तिला काय, तिच्या आजीला पण ठेवून घेतलं असतं. सगळी पोरगी मला पाहिजे होती ना? ती सगळीच्या सगळी माझ्याकडंच येत होती. आणि पाठवत तू होतीस. जिचा मी हेवा करत होते ती.

त्या दिवशी तुझा जास्तच राग आला.

गेल्या सोमवारी मी हदगावला जाऊन आले. आधी कोऱ्या ओळीवर लिहिलं. कोंबडीच्या पायासारखंच आलं. 'माझ्या घरी येऊन राहा. प्रयाग.' मग कागद पिशवीत घातला आणि बसमध्ये बसले. गावात विचारत विचारत घर सापडलं. वनिता दारात सोयाबीन पाखडत होती. सहा वर्षांची लेक शेजारी. नवरा टेम्पोवर जातो. मला ओळखायला तिला पळभर लागलं नाही.

"मावशी! आत या. जेवून जायचं बरं."

म्हटलं, "आज आधी बोलायचं, जेवण मागून." आणि उभ्या उभ्याच सांगितलं. मॅडम गेल्या. त्या दिवशी मॅडम होत्या. मी खोटं बोलले.

तिनं सूप खाली ठेवलं. म्हणाली, "ठाऊक हाय मला."

"काय ठाऊक हाय?"

"मॅडम होत्या ते. तुमच्या खिडकीतनं त्यांचं दार दिसायचं की. चपला होत्या बाहेर, निळ्या पट्ट्याच्या."

"मग उठून गेली का न्हाईस, बाई?"

"तुम्ही ताट वाढलं होतं. वाढलेल्या ताटावरून कसं उठायचं? आणि तुम्ही एवढ्या मायेनं खोटं बोलल्या, तुमचं तोंड कशाला पाडू?" तिनं सूप भिंतीला टेकवलं. "जेवल्यावर जाणार होते. पण तुम्ही म्हणाल्या, होईल सगळं नीट. म्हटलं, व्हायचं ते होईल. आणि गेले घरी."

बघ, तुझं बरोबर होतं. एवढी वर्षं मी तुझ्याशी ज्यावरून वाद घातला तो वाद तिथं सोयाबीनच्या ढिगापाशी संपला. माझ्या 'होईल नीट'नं त्या पोरीनं पाय उचलायचे सोडले. पण जेवणाचं माझं बरोबर होतं, ते मी सोडणार नाही. पाच दिवसांत ती पहिल्यांदा पोटभर जेवली होती. तुझ्या खुर्च्यांवर बसून पोट भरत नव्हतं.

मी कागद काढून दिला. तिनं वाचला. माझी ओळ वाचली आणि ओठ दाबून हसली.

"आता काय उपयोग हो मावशी? लेक हाय, माणूस हाय."

मला तुझा तो प्रश्न तोंडात घ्यायला जड गेलं. पण दुसरा कुठला येत नव्हता. "दोनच विषय राहिलेत ना तुझे? उद्या सकाळी काय करशील ते सांग."

"उद्या? उद्या सोयाबीन घालायचंय बाजारात."

"परवा?"

ती लेकीच्या केसांतला कचरा काढत बसली. मग हळूच म्हणाली, "जुन्या पोरीला परीक्षेला बसू देतात का, ते कुणाला विचारायचं?"

"झेरॉक्सवाल्या चाचांना. त्यांना सगळ्या तारखा पाठ आहेत."

"आणि परीक्षेचे दिवस तुमच्याकडं राहायचं? लेकीसकट?"

"लेकीसकट. माणूस आला तर माणसासकट. पण लोणच्याला हात लावायचा नाही."

तेव्हा ती खरी हसली. मग मला जेवू घातलं. चवळीची उसळ होती, मीठ जरा जास्त. मी काही बोलले नाही.

निघताना मला वाटलं, आता ही माझ्या गळ्यात पडेल. एवढ्या लांबून आले, सगळं कबूल केलं, खोली दिली. तिनं कागद पुन्हा उघडला. तुझी पेन्सिलीची ओळ होती ना, फिकट झालेली, तिच्यावरून बोट फिरवलं आणि मग रडली. "मॅडमनं जपून ठेवला होता? इतकी वर्षं?" माझ्या ओळीकडं बघितलं पण नाही. कागद पदरात गुंडाळून घेतला.

मला राग आला. बसमध्ये सगळ्या वाटेत होता. खोली माझी, अक्षर माझं, बसचे धक्के मी खाल्ले आणि रडणं तुझ्या नावचं. मेलीस तरी पोरी तुझ्याच.

पण तुझा डबा माझ्याकडं आहे. अजून सहा कागद आहेत त्यात. मी तुझ्यासारखी वही घेऊन बसणार नाही. मी आधी जेवायला वाढीन आणि मग विचारू देईन. एवढं तुझ्याकडून शिकले. उशिरा शिकले.

काल वनिताचा फोन आला होता. चाचांशी बोलायला येते म्हणाली. आतली खोली मी झाडून ठेवली आहे, लेकीसाठी मऊ गोधडी काढली आहे. विचारलं, "कधी येतीस?"

"बुधवारी येते मावशी. चारच्या आत पोचते."

ऐकलंस? येणार माझ्याकडं, पण वार तुझाच.